नाव घ्यायची जागा

कोल्हापूर,
१४ मे १९९७

अहो,

मायना एवढाच. ‘प्रिय’ लिहावं तर परवा तुम्ही मला अप्पांच्या किराणा दुकानाच्या पायरीवर ट्रंकेसकट उतरवलंत आणि घोटभर पाणीही न पिता गडहिंग्लजला परत गेलात. नाव लिहावं तर नावावरूनच एवढं रामायण झालं.

जाताना अप्पांना सांगून गेलात, “सुष्मीच्या मांडवपरतणीला हिनं यावं. जिथं बोलली तिथंच, त्याच बायकांत, चांगला उखाणा घ्यावा. चूक झाली म्हणावं. मग न्हेतो.” अप्पा नुसती मान हलवत राहिले. मी ट्रंकेवर बसून सगळं ऐकलं. रस्त्यावर भांडायला मला आवडत नाही म्हणून गप्प बसले, पटलं म्हणून नाही. उत्तर आता देते: चूक झालेली नाही, तेव्हा चूक झाली असं मी म्हणणार नाही.

तुमचा टेम्पो घेऊन केरबा काल मार्केट यार्डात आला होता. जाता जाता दुकानावर डोकावला आणि म्हणाला, “वैनी, मालक समद्यास्नी सांगत्यात, उनानं तुमचं डोस्कं फिरलं म्हणून. खरं व्हय?” म्हटलं, काय झालं ते एकदा धडपणे लिहूनच काढावं. तुम्हालाही लोकांना सांगताना उपयोगी पडेल.

तुमच्या बहिणीचं, सुष्मीचं लग्न. मांडवात गारगोटीचं वऱ्हाड. जेवणाआधी बायकांनी मला घेरलं, नाव घे, नाव घे. तुमच्या आईला, अत्तींना तर सुनेचा उखाणा म्हणजे जीव की प्राण, त्या कानडीतच ओरडल्या, “ओडपू हेळ गं!” उखाणा म्हण म्हणून. तुम्ही विड्यांचं ताट घेऊन पुरुषांत उभे होतात. मी उखाणा घेतला:

मिरची कांडली, कोंडा मिसळला, रंग दिला लाल,
सोमशेखररावांचं नाव घेते, गिऱ्हाइकांचे हाल!

आणि लोक हसले. आठवतंय का? नवरदेवाचे मामा मांडी थोपटून हसले. अत्तींनी पदर तोंडात धरला, तो काही रागानं नव्हता, मी बघत होते. सगळ्यांना थट्टाच वाटली. लग्नात बायकोनं नवऱ्याची नाही तर कुणाची थट्टा करायची? तुम्हीही हसला असतात तर पुढचा उखाणा दुसऱ्या कुणीतरी घेतला असता आणि पंगत बसली असती. पण तुम्ही ताट आपटलंत, विडे मांडवभर केलेत आणि तरातरा बाहेर निघून गेलात. मांडवातल्या एकाही पाहुण्याला तुमच्या तिखटातलं काही ठाऊक नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत, मी नाही.

आता मी का बोलले ते. तुमच्या तिखटाची पाकिटं अप्पांच्या दुकानात जावयाचा माल म्हणून पहिल्या फळीवर असतात. शिवरात्रीला मी इथं आले होते, तेव्हा समोरची चिमणाबाई पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास घेऊन दुकानात आली. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तिनं त्यात तुमचं चिमूटभर तिखट सोडलं. लाल धारा तळापर्यंत गेल्या, कोंडा वर तरंगला. म्हणाली, “बसलिंगाप्पा, हे तिखट हाय का रंगपंचमीचा रंग?” अप्पांनी सगळी पाकिटं पोत्यात भरून मागच्या खोलीत टाकली आणि मला बजावलं, जावयाला सांगू नकोस. मी सांगितलं. आपल्या घरात, तुम्ही जेवत असताना, एकदा नव्हे. तुम्ही म्हणालात, बाईनं दुकानात डोकं घालू नये. आपल्या डब्यातलं तिखट मात्र वेगळं, देठ काढून घरच्यासाठी कांडलेलं. त्याच तिखटाची आमटी भुरकत तुम्ही मला हे सांगत होतात.

घरात मी तुम्हाला ‘अहो’ म्हणते. ‘अहो’ म्हणून काहीही सांगितलं तरी ते भिंतीच्या आत राहतं. नवऱ्याचं नाव घ्यायची जागा तुम्ही लोकांनी आम्हाला एकच ठेवली आहे, दोन ओळींची. तिथं मी खरं बोलले. नाव घे म्हणालात, घेतलं.

गल्लीत सध्या वर्षाची चटणी करायची धांदल आहे. पत्र्यापत्र्यांवर मिरच्या वाळताहेत आणि सगळी गल्ली शिंकते आहे. तुमच्या पाकिटाची कुणी आठवण काढली नाही.

दानेश्वरी

कोल्हापूर,
२६ ऑगस्ट १९९७

अहो,

मांडवपरतणीला मी आले नाही, हे तुम्हाला दिसलंच असेल. सुष्मीला साडी पाठवली होती, ती पोचल्याचं तिनं कळवलं. तुमचं कार्ड मात्र आता आलं. इतक्या दिवसांनी, आणि त्यात एवढंच:

प्रकृती ठीक.
माल जातो आहे.
हट्ट सोड.

रागावू नका, पण ही कविता आहे. वाचनालयात एका पुस्तकात वाचलं, जपानात तीन ओळींची कविता करतात, तिला हायकू म्हणतात. दोन ओळींत समोर दिसतं ते साधं सांगायचं आणि तिसरीत एकदम झटका द्यायचा. तुमचा झटका चांगला बसला. तुम्हाला माझ्या दोन ओळींचा एवढा तिटकारा, आणि पहिलंच कार्ड टाकलंत ते कवितेत. मी खूप हसले. अप्पांनी विचारलं काय झालं, तर त्यांनाही वाचून दाखवलं.

माझं उत्तर त्याच मापात घ्या:

दाराशी टेम्पो...
केरबा उतरतो
एकटाच

मला तुमची आठवण येते. हे लिहायचं नव्हतं, पण शाईनं लिहिलंय, आता राहू दे. संध्याकाळी दुकान बंद करून तुम्ही वर यायचात, मिरचीनं हात पेटलेले असायचे. लिंबाची फोड चोळून चोळून हात धुवायचात आणि वास घेऊन बघायचात, मगच माझ्या वेणीला हात लावायचात. ते आठवतं. इथं लिंबाचं सरबत केलं तरी आठवतं. पण आठवण येते म्हणजे मी माफी मागायला तयार झाले, असा हिशेब मांडू नका.

एक जुनी गोष्ट आहे, ती या निमित्तानं काढते. आपल्या लग्नात मी तुमचं नाव घेतलं, मग बायका तुमच्या मागे लागल्या. तुम्ही लाजलात, “नंतर घेतो” म्हणालात आणि हात धुवायला पळालात. ते ‘नंतर’ अजून उगवलेलं नाही. मी आजवर बोलले नव्हते.

दानेश्वरी

कोल्हापूर,
९ फेब्रुवारी १९९८

अहो,

तुमचं पत्र नाही, कार्ड नाही. तरी लिहिते, कारण इथं एक गंमत झाली आहे आणि ती ज्याला सांगावी असं वाटतं तो माणूस नेमका गडहिंग्लजात फुगून बसलाय.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दूधकट्टा आहे ना, जिथं म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात, तिथं तरुण मंडळाचा फळा आहे. कोण वारलं, पाणी कधी येणार, वर्गणी कधी द्यायची, सगळं त्याच्यावर. लोक दुधाचा ग्लास तोंडाला लावून उभ्या उभ्या वाचतात. फळा लिहायचा तो मंडळाचा अध्यक्ष आकाराम. त्याच्याच चार म्हशी कट्ट्यावर असतात. गेल्या महिन्यात तालमीत पोरांना डाव दाखवताना त्याचं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून दुकानात आला.

“दानव्वा, तुझं अक्षर बरं हाय. उद्या पाणी न्हाय, एवढंच लिव की जरा.”

मी खडू घेऊन गेले. ‘उद्या पाणी येणार नाही’ असं लिहायला हात उचलला, आणि हातानं दुसरंच लिहिलं:

उद्या नळाला पाणी नाही,
भरा घागरी, भरा हंडे;
अंघोळीला सुट्टी द्या अन्
धुवा फक्त हात नि तोंडे.

संध्याकाळी कट्ट्यावर हसण्याचा गलका. आकाराम पळत आला, मला वाटलं आता ओरडणार. म्हणाला, “उद्याचं काय? उद्या काय लिवणार?”

तेव्हापासून रोज लिहिते. जे घडतं ते. कधी चार ओळी, कधी दोन, कधी अभंगाचं माप, कधी जात्यावरच्या ओवीची चाल. एके दिवशी पाहुणे आलेले आणि आमचा गॅस संपला, चिमणाबाई स्वतःचा चढवलेला स्वयंपाक उतरवून स्टोव्ह घेऊन आली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर:

गॅस संपे तेव्हा । पाहुणे दारात ।
डाळ पातेल्यात । अर्धी कच्ची ॥
शेजारीण आली । स्टोव्ह घेऊनिया ।
देव पाहावया । कोठे जावे ॥

चिमणाबाईला लिहिता-वाचता येत नाही. तिनं नातवाकडून पाठ करून घेतलंय आणि दळणाच्या रांगेत म्हणून दाखवते. माझी सगळ्यात छोटी कविता तर कट्ट्याच्या खांबावर ऑइल पेंटनं रंगवली आहे, कारण मोटरसायकलवाले वळणावर भरधाव येतात: ‘थांबा पावणं, पुढं म्हस हाय.’ तिचा मान असा की तिच्यापुढे सगळे ब्रेक दाबतात.

अप्पांनी सुरुवातीला कुरकुर केली. “लेकीनं चव्हाट्यावर लिवायचं म्हंजे...” एवढंच म्हणाले आणि चष्मा शोधून वाचायला गेले. आता रोज दूध आणायला तेच जातात.

दानेश्वरी

कोल्हापूर,
२१ नोव्हेंबर १९९९

अहो,

केरबानं निरोप पोचवला. “वैनी, मालक म्हनत्यात, फळ्यावर आमच्या घराण्याचं नाव दिसलं तर कायमचं तोडीन.”

नीट ऐका, कारण केरबा अर्धं गाळणार.

जवळजवळ दोन वर्षं मी खाली नाव घातलं नव्हतं. परिणाम असा झाला की लोकांना वाटलं आकारामच लिहितो. यंदा गणपतीत मंडळानं त्याला शाल आणि नारळ देऊन ‘गल्लीचे कवी’ म्हणून सत्कार केला. दुसऱ्या दिवशी शाल-नारळ घेऊन तो आमच्या दारात. “हे घे बाई, मला झोप लागंना. मला नारळ सोलाय येतो, यमक जुळवाय न्हाय येत.” मग मीच म्हटलं, आता नाव घालायचं. तुमचं आडनाव मी घातलेलं नाही आणि घालणारही नाही, निर्धास्त राहा. अप्पांचंही घालत नाही. खाली फक्त ‘दानेश्वरी’ असतं. ते नाव मला बारशाला दिलेलं आहे, ते काही तुमच्या दुकानातून आलेलं नाही.

तुम्ही केरबाला मंडळाकडेही पाठवलंत, फळा पुसा म्हणून. आकारामनं काय उत्तर दिलं ते त्यानं तुम्हाला सांगितलं का? “मालकांना सांग पावणं, फळा मंडळाचा हाय. पुसायचा असंल तर त्यांनी यावं, गिल्लासभर दूध प्यावं आनि समद्यांदेखत पुसावं. आमी आडवणार न्हाय.” मी त्या आठवड्यात रोज सकाळी कट्ट्याकडे बघत होते. तुम्ही आला नाहीत. पुसायला तरी याल असं वाटलं होतं.

फळा पुसला गेलाच नाही असं नाही. मंडळाच्या पोरांनीच पुसला. मिरवणुकीच्या भिंतीएवढ्या स्पीकरांवर मी लिहिलं होतं:

देव बहिरा नाही, बाळांनो,
शेजारी म्हातारी आजारी आहे;
भिंती हलवून सांगू नका, की
आपली भक्ती भारी आहे.

पोरांनी पुसलं, मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा पुसलं, मी पुन्हा लिहिलं. शेवटी आकाराम फळ्याखाली खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, आता पुसा की. तेव्हा मंडळातल्या पोरांशी मी भांडले आणि जिंकले. तुमच्याशी मात्र भांडताही येत नाही, तुम्ही समोरच येत नाही.

माझी आई, अव्वा होती तेव्हा पहाटे गळ्यातल्या लिंगाची पूजा करताना कानडी वचनं म्हणायची, आपल्या अत्तीही म्हणतात. त्या मापात मी एक लिहिलं आहे. हे फळ्यावर घातलेलं नाही, फक्त तुमच्यासाठी:

लिंगावर पाणी घालताना
हात थरथरत नाही.
तिखटात रंग घालतानाही
थरथरत नाही.
एकाच हाताची दोन कामं,
कुठल्या पाण्यानं धुवायची,
सांग, गळ्यातल्या देवा.

हे वाचून फाडा, नाहीतर ठेवा. माझ्या तोंडपाठ आहे.

दानेश्वरी

कोल्हापूर,
२ मार्च २००२

अहो,

अप्पांच्या मातीला तुम्ही आलात. लोकांनी अप्पांना आपल्या लिंगायत रीतीनं फुलांच्या विमानात बसवून उचललं, तेव्हा पुढचा खांदा तुमचा होता. मी पाहिलं. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत आणि मीही बोलले नाही, त्या दिवशी ते बरोबरच होतं.

परत जाताना कट्ट्यापाशी थांबलात. फळ्यावर मी सकाळीच लिहिलेलं होतं. अप्पांवरचं दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चाललं नसतं.

तराजूचा काटा । मध्यावरी सदा ।
कुणा नाही कदा । कमी दिले ॥
आज फळी बंद । गिऱ्हाईक दारी ।
म्हणे, होती खरी । चव येथे ॥

तुम्ही ते सगळं वाचलंत. खालचं नावही. मग तुमचा हात डोळ्याकडे गेला. मिरचीचा हात असेल, झोंबलं असेल, असं मी समजते. तुम्ही काय समजायचं ते समजा.

दुकान मी चालू ठेवलं आहे. केरबा म्हणाला, मालक विचारत होते, आता एकटी कशी राहणार. एकटी कुठं? सगळी गल्ली सकाळी माझ्या ओळी पिऊन कामाला जाते.

खांदा दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. हे वाक्य माझ्याकडून कुणी लिहवून घेतलेलं नाही.

दानेश्वरी

कोल्हापूर,
१२ ऑगस्ट २००५

अहो,

पूर ओसरला. पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं होतं. आम्ही म्हशी वरच्या शाळेत नेल्या आणि फळाही नेला. वीज नव्हती, फोन नव्हता, कुणाचं घर कुठवर बुडालं ते फळ्यावरूनच कळायचं. त्या गर्दीतही एक तीन ओळींची लिहिली:

दिवे गेले
गल्लीत पहिल्यांदाच
ऐकू आली माणसं

रस्ता सुरू झाल्यावर पहिला आला तो केरबा. हातात एक पाकीट, छाप नसलेलं, दोऱ्यानं बांधलेलं. “वैनी, मालकांनी दिलंय. दिवाळीपास्नं कोंडा बंद हाय. रंगबी. निम्मं गिऱ्हाईक गेलं, तरी बंदच.”

मी केरबाला बसायला सांगितलं आणि काचेचा ग्लास घेतला. चिमणाबाई आता काठी टेकत चालते, तरी ग्लास म्हटल्यावर रस्ता ओलांडून आलीच. चिमूटभर तिखट सोडलं. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. एकही लाल धार सुटली नाही. तिखट आपलं सावकाश ओलं झालं आणि ठसका मात्र ग्लासाबाहेर आला. चिमणाबाई शिंकली आणि म्हणाली, “हे तिखट हाय गं बाई. हे खरं हाय.” मी पोत्यावर बसले आणि रडले. आठ वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकांसमोर रडले.

मग पाकिटाच्या दोऱ्यात खोचलेली तुमची चिठ्ठी उघडली.

शुद्ध आहे.
आता घरी ये.
फळा बंद.

काय माणूस आहात हो तुम्ही! तिसऱ्या ओळीतला झटका अजून सुटला नाही.

म्हणजे भांडण तिखटाचं नव्हतंच. मी एवढी वर्षं समजत होते की कोंडा आडवा आहे. कोंडा गेला, तरी तुम्ही तिथंच. माझ्या दोन ओळींनी तुमचं तिखट सुधारलं, ते तुम्हाला चालतं. पण त्या दोन ओळी ज्या तोंडातून आल्या ते तोंड बंद पाहिजे. असं होणार नाही. नेसत्या साडीनिशी ये म्हणालात तरी मी विचार केला असता, पण हे नाही.

तरी तुमचं एक देणं माझ्याकडे आहे, आणि मी बसलिंगाप्पांची मुलगी आहे, काटा मध्यावर ठेवीन. खोटं होतं तेव्हा चारचौघांत बोलले. आता खरं झालं, तर तेही चारचौघांतच बोलायला हवं, त्याच बायकांत. सुष्मीच्या गारगोटीच्या नव्या घराची वास्तुशांत दिवाळीनंतर आहे आणि तिनं मला आवर्जून बोलावलंय. मी येईन. विड्यांचं ताट तुमच्याच हातात असेल तर घट्ट धरा.

दानेश्वरी

कोल्हापूर,
५ डिसेंबर २००५

अहो,

काल जे झालं ते तुमच्यासमोरच झालं. तरी लिहिते, कारण तुम्ही पुन्हा केरबाला काहीतरी वेगळंच सांगाल.

बायका जमल्या होत्या, त्याच सगळ्या, केस तेवढे पांढरे झालेले. मी आत आले तशी कुजबुज थांबली. कुणी नाव घे म्हणेना. सगळ्यांना तो मांडव आठवत होता. शेवटी अत्तीच खांबाला टेकून बसल्या जागेवरून म्हणाल्या, “दानव्वा, हेळ गं.” आणि मी घेतलं:

मिरची निवडली, कांडून आणली, मिसळलं नाही काही,
सोमशेखररावांचं नाव घेते, पाणी आता लाल होत नाही!

मग नवरदेवाचे तेच मामा, आता काठीवाले, मांडी थोपटायला गेले आणि काठी पडली. सगळे हसले. तुम्हीही हसलात. ताट तुमच्या हातात होतं आणि एकही विडा पडला नाही. तुमचे पुढचे दात थोडे झिजलेत, तेही मला दिसले. अत्ती ओरडल्या, “इन्नोंद हेळ!” आणखी एक म्हण म्हणून. मी म्हटलं, दुसरा नंतर.

तुम्हाला हवा होता तो उखाणा तुम्हाला मिळाला. माफी म्हणून दिलेला नाही, खरं झालं म्हणून दिला.

आणि तेवढ्यावर थांबला असतात तर काय बिघडलं असतं? अंगणात येऊन माझी पिशवी उचललीत. “चल. झालं ते झालं. आता ते फळा-बिळा बास कर.” मी नाही म्हटलं आणि पिशवी तुमच्या हातातून घेतली. सुष्मी मधे आली आणि तुम्हाला म्हणाली, “दादा, ती न्हाय म्हनाली. ऐकू आलं न्हवं? गप इडा खा.” मी संध्याकाळच्या एसटीनं कोल्हापूरला आले. तुम्ही स्टँडपर्यंत मागे चालत आलात. गाडी सुटेपर्यंत उभे होतात. ते मी लक्षात ठेवलं आहे.

तो दुसरा उखाणा आज सकाळी फळ्यावर लिहिला:

फळा गल्लीचा, खडू मंडळाचा, शब्द माझे चार,
दानेश्वरीचं नाव घेते, उघडं आहे दार.

चिमणाबाईला नातवानं वाचून दाखवला. ती हबकली. “अगं, सोताचंच नाव कोन घेतं व्हय?” म्हटलं, घेतलं की. आकाराम ग्लास हातात धरून किती वेळ बघत उभा होता, दुधावर साय धरली. मग म्हणाला, “दानव्वा, हे मी कवा पुसू देनार न्हाय. उद्याचं खाली लिव.”

आता माझी अट. आजवर अटी तुम्ही घातल्यात, एक माझी ऐका. उत्तर कार्डावर नको आणि केरबाच्या तोंडून तर मुळीच नको. तुम्ही स्वतः या. सकाळी, म्हशी कट्ट्यावर असताना, लोक दूध पीत असताना. फळ्यापुढं उभे राहा आणि माझं नाव घ्या, दोन ओळींत. आपल्या लग्नात ‘नंतर घेतो’ म्हणाला होतात, ते नंतर आता आलं. यमक जुळलं नाही तरी लोक सांभाळून घेतील, आमची गल्ली तशी दिलदार आहे. पण खोटं एक अक्षरही चालणार नाही. ते झालं की गडहिंग्लज का कोल्हापूर ते आपण दोघं बसून ठरवू. कुठंही राहिलो तरी मी लिहिणार, हे गृहीत धरून या.

नाही आलात तर मी उद्याचं लिहीन, परवाचंही लिहीन. दार तुमच्यासाठी उघडं ठेवलं आहे, पण मी त्यात उभी राहून वाट बघणार नाही. मला रोज सकाळी कट्ट्यावर काम असतं.

येताना हात लिंबानं धुऊन या. खडू धरायचा आहे.

दानेश्वरी